धुळवडीची तान्हुबाई

फार वर्षांपूर्वी, गावाला अजून रस्ताही फुटला नव्हता तेव्हा, पिंपरखोऱ्यात तान्हुबाई नावाची बुरडीण राहायची. सुपं-टोपल्या विणायची. गेनू तिचा एकुलता एक.

गावातली पोरं धुळवडीला भांग घोटायची. एका वर्षी त्यांच्यातल्या महादूने जास्त चढावी म्हणून भांगेत धोतऱ्याचं बी वाटून घातलं. कुणाला सांगितलं नाही. भर दुपारी गेनू बरळायला लागला आणि कोसळला. पाटील चाबकाने फोडील या भयाने पोरांनी त्याला कडब्याच्या गंजीआड उताणा निजवला, वर घोंगडी टाकली. झोपला की उतरेल, असं आपसात म्हणाली.

तान्हुबाई शोधत आली. “महादू, माझा गेनू कुठाय रं?”

“मळ्यात गेलाय, काकू.”

ती मळाभर हाका मारत हिंडली. इकडे गेनूला उलटी झाली आणि घशातच अडकली. घोंगडी काढली तेव्हा पोर गार पडलं होतं.

पुढच्या धुळवडीला महादूच पडला, तोही तान्हुबाईच्या दाराशी. ओठ निळे, श्वास मध्येच थांबायचा.

“काकू, ऊन लागलंय त्याला,” पोरं म्हणाली.

तान्हुबाई जागची हलली नाही. “झोपू द्या की. उतरंल.”

तेव्हा एकजण रडायलाच लागला. “खोटं बोललो, काकू. भांग प्यायलाय, वर दारू ढोसलीय.”

मग ती उठली. महादूला कुशीवर वळवलं, बोटाने तोंड साफ केलं. श्वास थांबला की आपला श्वास त्याच्या तोंडात फुंकायची. दर फुंकरीला तिचा एकेक केस पांढरा होत गेला, असं म्हणतात. सांज होईतो डोकं कापसासारखं झालं, आणि महादूने डोळे उघडले. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. आत जाऊन गेनूच्या नावाने हंबरडा फोडला.

त्यानंतर दर धुळवडीला पडलेल्याच्या उशाशी तीच बसायची. सगळेच वाचले नाहीत. “उशिरा आणता रं बाबांनो,” एवढंच म्हणायची.

तिच्या नावाने आजही त्या गावात घोळक्यातला एकजण काही न पिता कोरडा राहतो. भांड्यात काय आहे ते मोठ्याने सांगितल्याशिवाय कुणी घोट घेत नाही. भांगेवर दारू नाही. कुणी पडलाच तर त्याला कुशीवर वळवतात, एकटं सोडत नाहीत, लगेच दवाखान्याची गाडी बोलावतात. बोलणी खायची ती मागाहून.

आणि त्या दिवशी कुणाची आई पोराला विचारत आली, तर सगळे उठून उभे राहतात. काही झालं असलं तरी तिला हाताला धरून त्याच्यापाशी नेतात.