चांगुणाबाईची माती

नांदवडीत मुलींची कबड्डी भरायची ती गावातल्या दुकानदारांच्या जिवावर. रज्जाक सायकलवाला रेघा आखायला फक्की द्यायचा, हॉटेलवाले शिंगरे सगळ्यांना चहा पाजायचे आणि चांगुणाबाई कुंभारीण मडक्यांसाठी चाळावी तशी माती आठवडाभर चाळून मैदानावर पसरायची. पोरींचे गुडघे फुटू नयेत, एवढंच तिचं म्हणणं. या तिघांची नावं खडूने एका फळ्यावर लिहिलेली असत.

यंदा बिल्डर मोहरकरसाहेबांनी कंबरेएवढा चषक दिला. त्यावर चारही बाजूंनी त्यांचंच नाव. मैदानावर येताच त्यांनी फळ्याकडे बोट दाखवलं.

"हा उचला. माझ्या चषकाच्या फोटोत असली टपरीवाल्यांची नावं नकोत. नाहीतर चषक परत नेतो."

पोरी रडकुंडीला आल्या. तेव्हा चांगुणाबाई उठली आणि तिने पदरानेच तिन्ही नावं पुसून टाकली.

साहेब हसले. "शहाण्या आहात. आता तुमचं इथं काय राहिलं, बाई?"

तेवढ्यात शिट्टी झाली. दोन्ही संघांच्या चौदा पोरी रेघेशी वाकल्या, त्यांनी मातीला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.

"हे राहिलं, साहेब," चांगुणाबाई म्हणाली. "तुमचा चषक जिंकलेल्या पोरी नेतील. माझी माती हरलेल्यासुद्धा अंगावर घेऊन घरी जातील."

साहेब बराच वेळ खेळ बघत राहिले. मग त्यांनी बूट काढून मैदानाबाहेर ठेवले आणि रज्जाकला हळूच विचारलं, "खडू आहे का हो?"