प्लास्टरमधली दिवाळी

एकदा एका वयोवृद्ध अस्थितज्ज्ञांपाशी एक शिष्या विद्या शिकत होती. बुद्धी तल्लख, पण राग नाकावर!

दीड वर्षाच्या कस्तुरीचा कणा दिवसेंदिवस वाकत चालला होता. म्हणून सरांनी तिला भूल देऊन, पाठ हलकेच ताणून, काखेपासून कमरेपर्यंत प्लास्टर चढवले होते. ते दर दोन महिन्यांनी बदलायचे. पण महिनाभरातच आजी पोरीला उघड्या पाठीने घेऊन हजर!

“प्लास्टर कुठंय?” शिष्येने विचारले.

“नरकचतुर्दशीला भिजवून काढलं, बाई. वर्षाचा सण. लेकराला तेल-उटणं नको?”

शिष्येचा संताप अनावर झाला. “आजी, ही माया म्हणायची की वैर? ओलं करू नका म्हणून घसा कोरडा केला मी! पाठ पुन्हा वाकली, दिसतंय ना?”

आजींनी मान खाली घातली. सर मात्र शांतपणे उठले. “आजी, तेल आणलंय? इथंच मनसोक्त चोळा, न्हाऊ घाला. उद्या सकाळी पुन्हा प्लास्टर.” आणि स्वतः गरम पाणी काढायला गेले.

बाहेर रुग्ण ताटकळलेले, आणि आत चुकलेल्याचेच लाड! शिष्या धुमसत म्हणाली, “सर, हा कुठला न्याय?”

सर गर्रकन वळले. असा चढा आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

“रागवायचंच तर आधी माझ्यावर आणि स्वतःवर रागव! अंघोळ घालू नका, हे आपण दहादा सांगितलं. कधी घालता येईल, हे एकदाही नाही. ज्या हातांनी पोरीला जन्मापासून न्हाऊमाखू घातलं, ते हात आपण बांधले आणि वर त्यांनाच वैरी ठरवलं! कुणी दिला हा अधिकार?”

मग ते आजींकडे वळले. “पण आजी, चूक तुमचीही आहे. पोर वाढते, ती वाढच पाठ सरळ करते. प्लास्टर तिला फक्त वळण लावतं. या वयातली वाढ पुन्हा येत नाही. गेलेला महिना मी कुठून आणू?”

आजींचे डोळे भरून आले.

“आता दर वेळी नवं प्लास्टर घालायच्या आदल्या दिवशी जुनं इथंच काढू. तो दिवस तुमचा. तेल, उटणं, ओवाळणं, सगळं करा. मध्ये मात्र पाण्याचा थेंब नाही.”

दोन महिन्यांनी आजी आल्या. प्लास्टरवर वरणाचे डाग होते, पण प्लास्टर जागचे हलले नव्हते. “काढा बाई लवकर,” त्या दारातूनच म्हणाल्या, “आज आमची दिवाळी!”

शिष्येने प्लास्टर काढले, पाट मांडला, पाण्यात हात घालून पाहिला. तेल चोळता चोळता आजींची बोटे पाठीवर थबकली.

“बाई, बघा हो. जरा सरळ लागतीय.”

शिष्येने बोट फिरवून पाहिले. खरेच होते. तिने तेलाची वाटी उचलून आजींपुढे धरली.

“आजी, अजून थोडं चोळा,” ती म्हणाली. “घाई नाही.”