सांभाळाईचा बुधवार

ऐक सांभाळाई, तुझी कहाणी. आटपाट गाव होतं. गावाला नदी होती, नदीकाठी तांबटांची आळी होती. आळीत मल्हारी तांबट राहायचा. घरात त्याची आई राहीबाई, बायको सगुणा आणि सात वर्षांची लेक बकुळा.

बकुळा दिसायला गोमटी, पण बोलत नसे. हाक मारली तर वळून बघत नसे. हातोडीचा ठोका पडला की कान दाबी, भिंतीवर डोकं आपटी. भाताला वरण लागलं की ताट ढकली. खाई ते आईच्या हातचं, दुसऱ्या कुणाचा घास तिला चालत नसे. मग सगुणा काय करी? ठोक्यांपासून लांब, परसातल्या खोलीत लेकीला घेऊन बसे. खोलीला आतून कडी घाली.

कडी कशासाठी? तर तीन वर्षांमागं सगुणा नदीवर धुणं घेऊन गेली होती. परत येते, तो पोर घरात नाही. सासूनं तिला रानातल्या भगताकडं नेलं होतं. भगत म्हणाला, "हिला बाहेरची बाधा आहे." त्यानं सळई तापवली, पोरीच्या पोटावर डाग दिला. पोर तेव्हाही बोलली नाही. किंकाळी मात्र सगुणेनं धुणं टाकून धावताना वाटेवर ऐकली.

तेव्हापासून सगुणेचा कुणावर भरवसा उरला नाही. शेजारणीनं दूध दिलं तर आधी मांजराला पाजी. नणंदेनं झबलं शिवलं तर शिवण उसवून बघी. सासू परसात आली की तोंडाकडं नंतर, हाताकडं आधी बघी. दिवसभर पोरीमागं धावे, रात्री एक डोळा उघडा ठेवून निजे. देह वाळला, डोळे खोल गेले.

मग एक दिवस दाराशी एक म्हातारी आली. "बाई, घटकाभर पोर सांभाळते, तू अंग टेक." सगुणा म्हणाली, "तुम्हाला कुणी पाठवलं?" आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी म्हातारी आली. "बाई, ऊन ऊन दोन घास खाऊन घे, मी बसते." सगुणा म्हणाली, "पदराखाली काय आहे, दाखवा." म्हातारीनं रिकामा पदर झटकला. सगुणेला वाटलं, लपवण्यात हात बसलेला दिसतो. दार लावलं. तिसऱ्या दिवशी म्हातारी आली, तिला तर कडीच काढली नाही.

मग काय झालं? मल्हारी भांडी घेऊन बाजाराच्या गावी गेला आणि इकडं सगुणेला ताप भरला. उठवेना, चूल पेटेना. बकुळा भुकेनं हात चावू लागली. सासू दाराशी आली. "सगुणे, दार उघड. पोर रडतेय." आतून कडी निघाली नाही. सासू पायरीवर बसून राहिली. एक दिवस गेला, दुसरा दिवस गेला. सगुणा मनात म्हणे, ही माझ्या मरणाची वाट बघतेय.

तिसऱ्या सकाळी डोळे उघडते, तो उशाशी तीच म्हातारी. दाराची कडी आतून तशीच.

सगुणा कण्हत म्हणाली, "तू कोण? कुठून आलीस?"

"मी सांभाळाई."

"देवी आहेस तर माझ्या लेकीला बोलती कर."

"ते माझ्या हाती नाही गं. पोर आहे तशीच राहणार."

"मग तू देवी कसली?"

म्हातारी हसली. "बरं करणारी दुसरी कुणी असेल. ती मला अजून भेटली नाही. मी सांभाळणारी. माझा एक वसा आहे, घेशील?"

"वसा घेतला तर काय मागशील?"

"तुझा संशय मागेन. माघातल्या बुधवारी लेक एक प्रहर दुसरीच्या हाती द्यावी. मागं मागं जाऊ नये. आपण बसून जेवावं, झोप आली तर झोपावं. संशय आला तर तोंडावर विचारावा, मनात मुरू देऊ नये. जिला विचारलं तिनं राग धरू नये, खरं ते सांगावं. घेतला वसा अर्ध्यात सोडू नये. आज बुधवारच आहे. दाराशी सासू बसलीय, तिला विचार."

"तिला? तिनंच तर माझी पोर जाळली!"

"म्हणून तर तिला," असं म्हातारी म्हणाली आणि दिसेनाशी झाली.

सगुणा रांगत दाराशी गेली, कडी काढली. सासू पायरीवर होती, मांडीवर झाकलेलं ताट.

"आत्याबाई, पोरीला डाग का दिलात?"

सासूची मान खाली गेली. मग म्हणाली, "लोक नावं ठेवत होते. मी पोरीचं दुखणं बघितलं नाही सगुणे, माझी लाज बघितली."

"मी तुम्हाला माफ करणार नाही."

"नको करूस. पोर भुकेली आहे, आधी ते बघ."

सगुणेनं ताट उघडलं. एका कडेला भात, दुसऱ्या कडेला भाजी, एकाला दुसरं लागलेलं नाही. "यात काय घातलंत?" सासूनं दोन्हीतला एकेक घास स्वतः खाल्ला. मग ताट जमिनीवर ठेवलं, पोरीकडं पाठ करून बसली, हलली नाही. बकुळेनं एकदा बघितलं, दोनदा बघितलं, मग पुढं आली आणि मुठीनं भात उचलला.

"हे कुठं शिकलात?"

"कुडाच्या फटीतून. तीन वर्षं बघतेय. तोंडासमोर कुणी बसलं की ती खात नाही, तू बाजूला तोंड करून भरवतेस."

सगुणेला वाटलं, फटीतून बघणारी आणखी काय काय बघत असेल! पण ती कुडाला टेकली आणि तिथंच झोपली.

ताप उतरला. दुसरा बुधवार आला. सासूनं बकुळेला परसात नेलं. प्रहरानं परत आणलं, तो मनगटावर लाल वळ. सगुणेनं विचारलं, "हा वळ कसला?"

"माझ्या हाताचा. विहिरीकडं धावली, मी धरली. जोरात धरली गेली."

सगुणा विहिरीशी गेली. ओल्या मातीत लहान पावलं होती, त्यांच्यामागं मोठी. काठापासून दोन हातांवर दोन्ही थांबली होती. मग परत आली, वळावर तेल लावलं.

तिसरा बुधवार आला. सासू पोरीला घेऊन नदीकडं गेली. एक प्रहर गेला, दुसरा गेला. सगुणा जेवण टाकून उठली. वसा विसरली, चप्पल विसरली, थेट रानात भगताच्या खोपटापाशी गेली. "माझी सासू आली होती इथं?"

भगत म्हणाला, "आली होती. सकाळी."

"पोर कुठाय माझी?"

"पोर नव्हती. एकटी आली होती. म्हणाली, त्या लेकराचा डाग आपल्या दोघांचा. पुन्हा कुणाच्या पोराला सळई लावलीस तर पाटलापुढं तुझ्याबरोबर मीही उभी राहीन, माझा गुन्हा सांगेन आणि तुझाही."

सगुणा माघारी धावली. नदीच्या वळणावर करंजाखाली सासू बसलेली. मांडीवर बकुळा, गाढ झोपलेली. जी आईखेरीज कुणाच्या अंगाला अंग लावत नसे, ती आजीच्या पदराचं टोक मुठीत धरून झोपलेली.

सासू हळूच म्हणाली, "आली आणि आपणहून निजली. उठवायचा जीव होईना. दोन्ही पाय मेलेत माझे. उशीर झाला, मला बोल."

सगुणेनं पोरीला उचललं नाही. शेजारी बसली आणि सासूचे पाय चेपू लागली. ऊन करंजावरून उतरलं, तरी तिघी तिथंच.

बकुळा पुढंही बोलली नाही. सगुणा पुढंही विचारायची राहिली नाही, आणि सासूनं एकदाही खोटं सांगितलं नाही. पण सगुणेच्या अंगावर मांस आलं, चेहऱ्यावर तेज आलं. आळीतल्या बाया बकुळेला सांभाळायचे बुधवार आपसांत वाटून घेऊ लागल्या.

सांभाळाई, सगुणेला जशी विसाव्याला जागा दिलीस, तशी ऐकणारीला दे, सांगणारीला दे, दाराआड एकटी बसली असेल तिलाही दे. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली, ती देवाब्राह्मणांच्या दारी, गाईच्या गोठी, लेकुरवाळीच्या उंबऱ्याशी सुफळ होवो, संपूर्ण होवो.