बिनदाराची मोरी

बंधाऱ्याच्या मधोमध ही मोरी दिसते ना, तिला दार नाही. बोरणी नदी इथून अडवून आमच्या आंबेदरच्या शेतांना पाट काढलाय, पण मोरीतून जाणारं पाणी खालच्या तळवणचं. ते कुणी अडवत नाही. तुम्ही टेप घेऊन लोखंडी दाराचं माप घ्यायला आलात, घ्या बापडे. दोन्ही गावांची समिती करा, पाळ्या ठरवा, आमची ना नाही. दार मात्र बसायचं नाही. का, ते ऐका.

पूर्वी इथे सागाच्या फळ्यांचं दार होतं म्हणे. एका वर्षी पाऊस दडला, ऊस माना टाकू लागला. तेव्हाचे पाटील हिलाल. त्यांनी फळ्या घातल्या, वरून चिखल थापला. तळवणची माणसं हातापाया पडून गेली. पाटील म्हणाले, आधी पोटोबा, मग विठोबा. त्यांची एकुलती लेक बनी तळवणलाच दिलेली होती, पण उसापुढे तेही त्यांना दिसलं नाही. माणूस पाण्यासाठी आंधळा होतो, हे मीही माझ्या काळात डोळ्यांनी बघितलंय.

अक्षय्य तृतीया, आमची आखाजी, आली. आमच्याकडे या सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात, आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरून पुजतात. भर दुपारी बनी दारात उभी राहिली. एकटीच, अनवाणी. आईला कोण आनंद झाला! तिनं रांजणातलं पाणी पुढे केलं. बनीनं ते घेतलं नाही. ती सरळ देवघरापाशी गेली, पितरांची घागर उचलली आणि तोंडाला लावली.

आई ओरडली, "अगं, ती आपली नाही!"

घागर रिती झाली. बनी उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "माय, पानी." मग तिनं रांजणही संपवला. पाणी घशाखाली उतरल्याचा आवाज येत नव्हता, असं सांगतात. ओठ होते तसेच फुटलेले. "माय, पानी."

पाटील विहिरीवर धावणार, तोच तळवणचा एक माणूस धापा टाकत अंगणात आला. "पाटील, काल नदीम्हा पानीसाठे झिरा खंदताना दरड पडनी. बनी तिना खाले गयी."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. उंबऱ्यावर कुणी नव्हतं. ओंजळभर नदीची वाळू होती. घागर आणि रांजण पिऊनही ती वाळू कोरडी ठणठणीत होती.

हिलाल पाटील तडक बंधाऱ्यावर आले आणि नखं उलटेपर्यंत चिखल उकरत राहिले. फळ्या त्यांनी स्वतः चुलीत घातल्या. त्या वर्षी आमचा ऊस जळाला. पण दार पुन्हा कुणी बसवलं नाही.

आजही आखाजीला लेक आली की आंबेदरमध्ये तिला उंबऱ्याबाहेरच थांबवतात. कशी आहेस, दमलीस का, कुणी काही विचारत नाही. हातात भरला तांब्या देतात. ती पिते, आणि आई तिच्या तोंडाकडे न बघता तांब्याकडे बघत उभी असते. तळाशी घोटभर पाणी उरलं, तर मगच लेकीला जवळ घेते.