चालत्या मागाची पूजा

"पण माग चालू ठेवून पूजा का होत नाही, बुवा?"

अरविंद सातपुतेने पुन्हा तेच विचारलं. रामलिंगबुवा ताटातली हळद सारखी करत राहिले.

बुवा म्हणजे विणकरांच्या या गावाचे गुरू. अरविंदच्या आजोबांपासून या कारखान्यातली खंडेनवमीची हत्यारपूजा त्यांच्या देखत व्हायची. त्या दिवशी सगळे माग बंद. ज्याचा माग त्यानं पुसायचा, धागा ठोकणाऱ्या फणीला कुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि पेढा खाऊन घरी जायचं.

यंदा जुने माग भंगारात गेले होते. त्यांच्या जागी आपले आपण चालणारे नवे आले. विणकर कायमचेच घरी गेले. आता कारखान्यात माणूस शोधावा लागे.

"बंद कर की. घटकाभराचं तर काम," बुवा म्हणाले.

"तेवढंही जमत नाही. माल उद्या गेला नाही तर पुढचं काम पलीकडच्या कारखान्यात जाईल. त्यांनीही असलेच माग घेतलेत. ते थांबत नाहीत, मग मी कसा थांबू?"

"ते का थांबत नाहीत?"

"मी थांबत नाही म्हणून."

बुवांनी ताटात कुंकू काढलं.

अरविंदच्या खिशातला फोन वाजला. तो दचकून धावला. धागा तुटून एक माग थांबला होता; मागानंच फोनवर कळवलं होतं. त्यानं गाठ मारली, माग सुरू केला आणि मगच त्याच्या जिवात जीव आला.

"रात्रीही असंच," तो घाम पुसत म्हणाला. "फोन वाजला तरी धसका, नाही वाजला तरी धसका."

"मग झोपतोस कधी?"

अरविंदनं फोन पुन्हा एकदा पाहून खिशात ठेवला.

बुवा उठले. बोटावर कुंकू घेऊन सरळ चालत्या मागाकडे गेले. फणी धाडधाड आपटत होती. त्यांनी बोट तिच्याकडे नेलं.

अरविंदनं झडप घालून त्यांचं मनगट धरलं.

"बोट जाईल, बुवा."

"फणीला कुंकू लावायचंय."

"वरच्या पत्र्याला लावा."

"कापड काय पत्रा विणतो?"

अरविंदचा दुसरा हात माग थांबवायच्या लाल बटणावर गेला आणि तिथंच राहिला. ते दाबायला पोराएवढाही जोर लागत नाही. पण त्यानं ते दाबलं नाही. गुरूंच्या बोटाची त्याला भीती वाटत होती, आणि उद्याच्या मालाचीही.

"दाब की. मालक आहेस ना तू?"

"बुवा... नाही होत."

त्यानं बटणावरचा हात काढून घेतला. बुवांचं मनगट मात्र सोडलं नाही.

बुवा रागावले नाहीत. त्यांनी हळूच मनगट सोडवून घेतलं. बोटावरचं कुंकू अरविंदच्या कपाळाला लावलं. वर हळद लावली. डोक्यावर झेंडूचं फूल ठेवलं. मग नारळ घेऊन त्याच्या पायाशी वाकले.

अरविंद चरकून मागे सरला.

"हे काय, बुवा? मी तुमचा शिष्य. माझी कसली पूजा करता?"

"हलू नको," बुवा म्हणाले. "आज हत्याराचीच पूजा असते."