सगुणेच्या शेतातून गेलेलं गलबत

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं झाली ते विचारू नका. तांबळवाडीत प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो आणि वर शपथही घेतो. तेव्हा या वाडीच्या खाडीकाठी गलबतं बांधली जायची, आणि ती बांधणारा होता धाकू मेस्त. लाकडावर नुसती टिचकी मारून तो सांगायचा, हे पाण्यात टिकेल की कुजेल. त्याच्या गलबतात शिरायचं तर पाण्याचा थेंबसुद्धा आधी परवानगी मागायचा. असं म्हणतात, खरं-खोटं खाडी जाणे.

पुढे समुद्रावर आगबोटी आल्या. वारा असो नसो, धूर सोडत त्या ठरल्या वेळी निघायच्या. व्यापाऱ्यांचा माल तिकडे वळला. ज्या हातांनी गलबतं बांधली ते हात आंब्याच्या पेट्या ठोकू लागले. धाकूच्या जिवाला हे फार लागलं. अशात लांबच्या बंदरातला एक व्यापारी वाडीत आला आणि म्हणाला, "आगबोटीच्या तोडीचा माल नेईल असं गलबत बांधा. पुढच्या नारळी पौर्णिमेला माझ्या माणसांच्या ताब्यात द्या, मग माझी सगळी गलबतं तुमच्याच वाडीत बांधेन. नाहीतर आपला रामराम."

धाकूने बायकोला न विचारता होकार दिला. यावरून काय ते ओळखा.

मग वाडीला उधाण आलं. डोंगरावरचे ऐन उतरले, साग उतरले, शेवटी तर ज्यांच्या सावलीत गुरं बसायची ती उंडीची जुनी झाडंही उतरली. गलबताच्या फासळ्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्याकडे बघताना माणसांच्या टोप्या मागे पडायच्या. एवढं मोठं गलबत या खाडीने कधी पाहिलं नव्हतं. पण माणूस कामात बुडाला की त्याला नाकासमोरचं दिसत नाही. गलबत पुरं झालं, आषाढातल्या भरतीला सगळ्या वाडीने दोर धरून ते पाण्यात ओढलं, नारळ फुटला, आणि खाडीच्या पहिल्याच वळणावर ते गाळात रुतून बसलं.

किनाऱ्यावर जाळं घेऊन उभा असलेला एक म्हातारा गाबीत मच्छीमार म्हणाला, "मेस्तांनू, गलबत मोठा केलात, पण खाडीत पाणी किती रवला ता बघलात काय?"

गलबत कसंबसं मागे ओढून आणलं. ओहोटी लागल्यावर धाकू एकटाच त्या वळणावर उतरला. त्याला वाटलं होतं, समुद्राने रेती आणून टाकली असेल. पाय बाहेर काढला तर घोट्यापर्यंत लाल. समुद्राची रेती कधी लाल नसते. धाकूने वर पाहिलं. झाडं गेलेला डोंगर पावसात ओघळत होता, आणि ज्या झाडांचं गलबत झालं होतं त्यांच्या मुळांनी धरलेली माती गलबताच्याच वाटेत येऊन बसली होती. धाकू तिथंच गाळात बसला आणि लहान मुलासारखा रडला. एवढा गाळ पौर्णिमेच्या आत उपसणं ब्रह्मदेवाच्या बापालाही जमलं नसतं.

आता वळण कसं आहे ते ऐका. खाडी तिथं वळसा घालते आणि पलीकडे पुन्हा खोल होते. त्या वळशाच्या पोटात सगुणेचं खाजण होतं, म्हणजे खाडीच्या काठचं भातशेत. खारं पाणी आत येऊ नये म्हणून त्याला भोवती मातीचा बांध. सगुणा एकटी बाई, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. तो बांध तिने दरवर्षी स्वतःच्या हाताने लिंपला होता आणि त्या वर्षी आत भात गुडघाभर हिरवंगार उभं होतं.

धाकूचं रडणं तिने बांधावरून ऐकलं.

"भावजी, रडतास कित्याक? पौर्णिमेच्या भरतीक माझो बांध फोडा आणि गलबत शेतातसून काढा."

धाकू उठून उभा राहिला. "वयनी, खुळावलात काय? भात उभा आसा. खारा पाणी भरला तर तीन वर्सां दाणो पिकाचो नाय."

"ता माका कोण शिकवता? माझ्या एका चुलीक तांदूळ कोणय देयत. गलबत हयच कुसला तर सगळ्या वाडीच्या चुलींक कोण देतलो?"

धाकू शेवटी म्हणाला, "वयनी, ह्येची भरपाई काय देव?"

सगुणेने डोंगराकडे बोट केलं. "तो उघडो केलात, तो परत झाका. माका दुसरा काय एक नको."

नारळी पौर्णिमेला भर दुपारी भरती चढली. दोन्हीकडचे बांध फोडायचे होते, पण पहिली कुदळ मारायला कुणाचा हात उठेना. तेव्हा सगुणेनेच कुदळ उचलली. मारताना ती रडली, असं काही सांगतात. काही सांगतात, शिव्या दिल्या. दोन्ही केलं असेल, बाई शहाणी होती. पाणी आत घुसलं, भाताचे शेंडे बुडाले, आणि ते डोंगराएवढं गलबत शेतावरून चालू लागलं. गुडघाभर पाण्यात ते तरंगलं, असं म्हणतात. वरून जाताना भाताने माना लववल्या आणि तळाला ओरखडासुद्धा उठू दिला नाही. गलबताची शेपूट पलीकडच्या खोल पाण्यात गेली, आणि मगच भरती उतरली. खरं-खोटं खाडी जाणे.

व्यापाऱ्याने गलबताला भलंमोठं नाव योजून ठेवलं होतं. धाकूने ते ऐकल्यासारखं केलं आणि मागच्या फळीवर "सगुणा" कोरून दिलं.

वाडीला काम मिळालं. फोडलेला बांध वाडीने बांधून दिला आणि घरटी एक पायली तांदूळ सगुणेच्या ओटीवर येऊ लागला, एवढा की ती वैतागून म्हणायची, "मी काय वाण्याचा दुकान घातलंय?" तिच्या शेतात पुढल्याच वर्षी भात उगवलं, पण सगळीकडे नाही. जिथून गलबत गेलं तेवढ्याच पट्ट्यात, एका टोकाला निमुळतं, मध्ये फुगीर. डोंगरावरून बघितलं तर हिरवं गलबत नांगरून ठेवल्यासारखं दिसायचं. आणि बघायला धाकू रोज डोंगरावरच असायचा. पुढच्या प्रत्येक गलबतामागे त्याने तिथं झाडं लावली, कापली त्याहून जास्त. गलबतंही तो आता खाडीला विचारून बांधायचा. म्हातारपणी विळा-कुदळ घेऊन उंडीच्या रोपांत बसलेला धाकू वाडीतला सगळ्यात सुखी माणूस होता, असं म्हणतात, आणि हे मात्र मला खरं वाटतं.

आता गलबतं गेली, आगबोटीही गेल्या. मेस्तांची नातवंडं-पतवंडं फायबरच्या होड्या करतात. तरी तांबळवाडीत होडी पाण्यात उतरली की आधी तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, सगुणेच्या शेताकडे वळवून क्षणभर थांबतात, आणि होडीचा मालक त्याआधीच डोंगरावर उंडीचं एक रोप लावून आलेला असतो. त्याशिवाय दोराला कुणी हात लावत नाही.

मागे एकदा शहरातला एक जण इथं होडी करून घ्यायला आला. रोप हातात दिल्यावर तो हसला. म्हणाला, "अहो, या होडीत लाकडाचा तुकडा नाही. हिला झाड कशाला हवं?"

मासळी निवडत बसलेल्या म्हातारीने मानही वर केली नाही.

"होडयेक नको," ती म्हणाली. "खाडयेक व्हया."

तो गुपचूप डोंगर चढला.