ओढ्यावरची शून्य वाहतूक

सकाळचे आठ. कासारओढ्याच्या काठावर दावल फकिराचा तकिया. दोन कडुलिंब, एक कबर, पत्र्याची पडवी. दाराशी चपलांची लांबच लांब रांग. आत मात्र माणूस एकच, खुद्द फकीर.

"पाच जणांचं एकमत कसं टिकवायचं, बाबा?"

"टिकवायचं म्हणजे आहे का?"

"मंडळ झाल्यापासून आहे. एकदाही मतदान घ्यावं लागलं नाही."

विचारणारा उपेंद्र गुर्जर. महानगर परिसराच्या वाहतूक नियोजन मंडळाचा सदस्य-सचिव. परदेशात शिकून आलेला, अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट, पायात चकचकीत बूट. मोठ्या कामाआधी या तकियावर ऊद जाळायचा रिवाज त्याच्या वडिलांनी घालून दिला होता. वडील ओव्हरसीअर होते. मुलानं पद मोठं मिळवलं, पण रिवाज सोडला नाही.

अकरा वाजता मंडळाची बैठक होती.

मंडळ कशासाठी, तर परिसरात पाच पालिका. प्रत्येकीचे रस्ते आपल्या हद्दीत सुरू होतात आणि हद्दीत संपतात. माणसं तशी संपत नाहीत. घर एकीत, नोकरी दुसरीत, दवाखाना तिसरीत. तेव्हा पाचही जणींनी एकत्र बसावं, सगळ्या परिसराची मिळून कामांची एक यादी करावी आणि सरकारनं त्या यादीतल्याच कामांना पैसा द्यावा, असं ठरलं. यादीला पाचही जणींची संमती हवी.

संमती मिळवायची रीत गुर्जरनं शोधून काढली होती. ज्या कामावर दोघींत वाद, ते काम यादीतून खाली. उरलेल्यावर पाचही हात वर. वाद दोन हद्दींच्या मधल्या कामांवरच व्हायचे. त्यामुळं ज्या कामांसाठी मंडळ काढलं, तेवढी सोडून बाकी सगळी यादीत असत.

या रीतीबद्दल त्याला दिल्लीत ढाल मिळाली होती.

"आज अडलंय कुठं?" फकिरानं विचारलं.

"इथंच. तुमच्या दारात." गुर्जर हसला. "या ओढ्यावरचा पूल. अलीकडं सोनसरी महापालिका, पलीकडं वडजाई. दोघींपैकी एकीनं तरी मागायला हवा. एकही मागत नाही."

"का?"

"गेल्या श्रावणात एक बाई पाण्याच्या पाइपावरून ओढ्यात पडली. गेली. पलीकडच्या दवाखान्यात आया होती. सोनसरी म्हणते, ती वडजाईच्या हद्दीत पडली. वडजाई म्हणते, सोनसरीच्या. आता जी पूल मागेल, तिनं जागा आपली म्हणून कबूल केल्यासारखं होतं. मग चौकशी आली, भरपाई आली."

"नाव काय बाईचं?"

"फाइलमध्ये आहे."

फकिरानं उदावर फुंकर घातली. धूर सरळ वर गेला.

"मग आज काय करणार?"

"कच्च्या यादीतून पूल काढून टाकणार. एका कामासाठी पाच जणांत फूट कशाला? आणि बाबा, खरं सांगायचं तर त्या पुलाची गरजही सिद्ध होत नाही. मी स्वतः मोजणी करून घेतली. कॅमेरे लावले."

"कुठं?"

"पुलाच्या जागेवर."

"ओढ्यात?"

"प्रस्तावित मार्गावर," गुर्जर म्हणाला. "वाहतूक शून्य."

"एकही गाडी नाही?"

"एकही नाही."

"ओढ्यातून."

गुर्जरनं थट्टा कानाआड केली. "वाहतूक नाही म्हणजे मागणी नाही. शास्त्र आहे ते, बाबा."

"आणि पाइपावरून माणसं जातात, ती?"

"पाइप म्हणजे रस्ता नव्हे. पाणीपुरवठा खात्याची मालमत्ता. त्यावर चढणं गुन्हा आहे. आम्ही वाहतूक मोजतो, गुन्हे मोजत नाही."

"बरोबर," फकीर म्हणाला. "गुन्हे कशाला मोजायचे..."

लिंबावरून एक पिकलं पान चपलांच्या रांगेत पडलं. गुर्जरचं लक्ष तिकडं गेलं.

"भक्त बरेच दिसतात आज. पण बसलेत कुठं?"

"येतील संध्याकाळी." फकिरानं कोपऱ्यातली किटली पुढं सरकवली. "चहा घेणार?"

"घेईन की."

"माझी चूल थंड आहे. पलीकडं टपरी दिसते ना, तिथून भरून आण. वडील तुझे नेहमी आणायचे. तेव्हा फरशीपूल होता ओढ्यावर."

टपरी समोरच होती. स्टोव्हचा आवाज अलीकडं येत होता. गुर्जरनं किटली उचलली, ओढ्यापर्यंत गेला आणि थांबला. खाली काळं पाणी. मधे पाइप, माणसाच्या कमरेएवढ्या जाडीचा, पाठीवरचा रंग पायांनी घासून गेलेला. गाडीनं जायचं तर हमरस्त्याला जाऊन, टोलनाका ओलांडून, वडजाईच्या बाजारातून यावं लागणार. तेवढ्यात अकरा वाजले असते.

मागं सोनसरीची बस येऊन वळली. तिचा मार्ग तकियापाशी संपत होता. पलीकडं वडजाईची बस घरघरत उभी होती. तिचा मार्ग टपरीपाशी सुरू होत होता.

बसमधून माणसं उतरली. एक ठेंगणी बाई पदर खोचत गुर्जरच्या मागं येऊन उभी राहिली.

"दादा, जाताय का सरकताय? बस सुटंल माझी."

"तुम्ही यावरून जाणार?"

"न्हाई, उडत जाणार."

मागचे दोघंतिघं हसले. गुर्जर बाजूला झाला.

बाईनं तकियाच्या दाराशी जाऊन चपला काढल्या आणि रांगेत नीट लावल्या. मग अनवाणी पाइपावर चढली, हात पसरून, पाय आडवे टाकत, पुढं बघत. पलीकडं उतरली. टपरीच्या बाकाखाली हात घालून दुसऱ्या चपला ओढल्या, पायात सरकवल्या आणि बसकडं पळाली.

तिच्यामागून दुसरी गेली. मग एक म्हातारा, डबा दातात धरून. प्रत्येकानं चपला इथं ठेवल्या. प्रत्येकाला तिथं दुसऱ्या मिळाल्या.

"बूट काढा, साहेब," शेवटचा माणूस पाइपावरून म्हणाला. "बुटानं घसरतंय. आन् खाली बघू नका."

गुर्जरनं दाराशी जाऊन बूट काढले. मोजे काढले. किटली एका हातात घेऊन पाइपावर चढला. दोन पावलं गेला. पाइप गार होता आणि आतून पाणी वाहताना तळव्यांना कळत होतं. त्यानं खाली बघितलं...

तो बसला. बसूनच मागं सरकत काठावर आला.

पलीकडचा टपरीवाला हात कपाळाशी धरून बघत होता. "किटली फेका, साहेब. भरून फेकतो परत," तो ओरडला.

गुर्जर रिकामी किटली घेऊन पडवीत आला. पँटच्या मागं गंजाचा पट्टा उमटला होता.

फकिरानं किटलीत डोकावून बघितलं.

"नको होता का?"

"काय?"

"चहा."

"हवा होता, बाबा. पण..."

"तू गेला नाहीस."

"जाता येईना."

"मी मोजत होतो," फकीर म्हणाला. "तू एकदाही पलीकडं गेला नाहीस. म्हणजे चहा तुला नको होता."

गुर्जर पँटवरचा गंज झटकू लागला.

ऊद विझत आला होता. वडजाईची बस सुटल्याचा आवाज झाला.

"ते... वेगळं आहे, बाबा."

"असेल. मी काही शास्त्र शिकलो नाही."

"मी पूल यादीत ठेवला तर सोनसरी उठून जाईल. वडजाई उठून जाईल. माझ्या कारकिर्दीत पहिल्यांदा मतदान होईल. मंडळच मोडेल कदाचित."

"मोडेल."

"मग?"

फकिरानं किटली पुन्हा कोपऱ्यात ठेवली, तोंड भिंतीकडं करून.

गुर्जर उठला. दाराशी येऊन खाली बसला आणि मोजे चढवू लागला. शेजारी चपला. रबरी, प्लास्टिकच्या, टाचेला खिळा मारलेल्या, अंगठा दोऱ्यानं शिवलेल्या. एक लहान जोडी, शाळेतल्या पोरीची असावी. त्याचं बोट आपोआप चालू लागलं. एका जोडीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर... कॅमेऱ्यांत यातली एकही आलेली नव्हती.

रांगेच्या टोकाशी बोट थांबलं.

तिथं एक जोडी एकटीच होती. निळ्या पट्ट्यांची, बायकी. पट्ट्यांचा निळा उन्हानं पांढुरका झाला होता. एका चपलेच्या अंगठ्यातून गवताची काडी उगवून वर आली होती आणि वाळून गेली होती. तिच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी होती. एवढ्या दाटीतही तिथं कुणी चपला काढल्या नव्हत्या.

गुर्जरनं हात मागं घेतला. एक बूट पायात, एक हातात.

"बाबा, ही जोडी...?"

फकिरानं ओढ्याकडं बघितलं.

"मघाशी तुला नाव विचारलं होतं," तो म्हणाला. "सुलोचना तायडे. पलीकडची जोडीही अजून बाकाखालीच आहे."